लोखंडापासून दूर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. तेव्हा आज मी चुंबकाच्या मोजमापाबद्दल बोलणार आहे म्हटल्यावर माझ्या घरातच हसू पिकलं. बायको म्हणाली, "तुम्हाला भाजीवाल्याचा हिशेब जमत नाही, आणि नॅनोटेस्ला कुठला मोजताय?" तिचं खरं आहे. पण ही गोष्ट माझ्याकडे पुस्तकातून आलेली नाही. ती उद्यमनगरातल्या एका पत्र्याच्या शेडमधून आलेली आहे.

आमचे अब्बा तिथं एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर होते. पितळेचं काम बरंच यायचं. दिवसभराचा पितळेचा कीस झाडून गोळा करायचा आणि त्यात मिसळलेला लोखंडाचा कीस वेगळा काढायचा, हे सुट्टीच्या दिवशी माझं काम. भेसळ असली की भंगारवाला भाव पाडायचा. त्यासाठी अब्बांनी मला एक चुंबक दिलेला होता. तो होता एका बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला, गोल, काळा, मधे भोक असलेला. त्याला फडकं गुंडाळून किसातून फिरवायचा. लोखंड फडक्याला चिकटायचं, पितळ जागच्या जागी राहायचं. फडकं सोडलं की लोखंड गळून पडायचं. रेडिओशी माझी पहिली ओळख ही अशी झाली, आवाज गेलेल्या रेडिओशी.

साल १९८१ असेल. हजहून आलेल्या एका नातेवाइकाने अब्बांना एक छोटा कुतुबनुमा आणून दिला. कुतुबनुमा म्हणजे होकायंत्र. हिरव्या डबीतला, काचेखाली थरथरणारी सुई. कोल्हापुरातून मक्का म्हणजे पश्चिमेला, पण नेमकी पश्चिमेला नाही, थोडी उत्तरेकडे कललेली. वर्कशॉपच्या कोपऱ्यात, लेथच्या मागं, अब्बा दुपारची नमाज पढायचे. इतकी वर्षं अंदाजाने चटई टाकायचे. आता यंत्र आलं म्हटल्यावर त्यांनी ते कोपऱ्यात ठेवलं, सुई बघितली आणि चटई चांगली हातभर फिरवली. आठ दिवस त्या दिशेला तोंड करून नमाज झाली.

नवव्या दिवशी आमचे मेस्त्री डबा खाता खाता थांबले. मेस्त्री माळकरी होते, पंढरीची वारी न चुकवणारे. म्हणाले, "अवो भाई, आज तोंड दक्षिणेला कसं काय तुमचं?" अब्बांनी डबी दाखवली. मेस्त्रींनी ती हातात घेतली, लेथजवळ नेली, लांब नेली, परत जवळ नेली. सुई लेथकडे वळायची. मग म्हणाले, "हितं समदं लोखांड हाय. ही सुई काय देवाकडं बगत न्हाई, लेथकडं बगतीया. भायेर मोकळ्यात जावा की."

अब्बा बाहेर गेले. रस्ता ओलांडून, विजेच्या खांबापासून लांब, रिकाम्या प्लॉटमध्ये जाऊन उभे राहिले. खिशातली किल्ली आणि कॅलिपर माझ्याकडे दिलं. सुई शांत होईपर्यंत थांबले. मग दूरच्या एका झाडाच्या शेंड्यावर नजर धरून शेडपर्यंत परत आले आणि कोपऱ्यातल्या फरशीवर खडूने एक रेघ ओढली. ती रेघ पुढं बरीच वर्षं होती. पुसट झाली की अब्बा पुन्हा ओढायचे. त्या आठ दिवसांच्या नमाजेचं काय, असं त्यांनी मौलानांना विचारलं. मौलाना म्हणाले, मनापासून दिशा शोधून पढलेली नमाज झाली. अब्बा मान हलवून घरी आले आणि तरीही आठ दिवसांची नमाज त्यांनी पुन्हा पढली. त्यांचा स्वभावच तसा. मापात खोट चालायची नाही.

आता सुई ज्याच्यामुळे उत्तरेला वळते ते पृथ्वीचं चुंबकत्व किती? आपल्याला वाटतं, एवढी पृथ्वी, तिचं चुंबकत्व प्रचंड असणार. ते फार दुबळं आहे. दवाखान्यात एमआरआयचं जे यंत्र असतं, त्याच्या चुंबकाची ताकद साधारण दीड टेस्ला. टेस्ला हे माप १९६० साली ठरलं, निकोला टेस्ला या संशोधकाच्या नावाने. पृथ्वीला या मापाने मोजायला गेलो तर हाती शून्यानंतरची शून्यं येतात. म्हणून टेस्लाचे शंभर कोटी भाग करायचे आणि त्यातला एक घ्यायचा. तो नॅनोटेस्ला. कोल्हापुरात पृथ्वीचं चुंबकत्व बेचाळीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास भरतं. एमआरआयचं भरतं दीड अब्ज. त्यामुळे त्या यंत्राच्या खोलीत जाताना किल्ल्या, पट्टा, घड्याळ काढून ठेवायला सांगतात.

ही मापं ठरायच्या आधी काय होतं? आपल्याकडे जसा दर गावचा शेर वेगळा, पायली वेगळी, तसंच तिथंही होतं. हुम्बोल्ट नावाचा मोठा जर्मन प्रवासी दक्षिण अमेरिकेत पेरूमध्ये फिरत होता. तिथल्या एका ठिकाणचं चुंबकत्व त्याने 'एक' मानलं आणि बाकीच्या जगाचं त्याच्या पटीत सांगितलं. पण पेरूतला तो 'एक' घेऊन कोल्हापूरच्या माणसाने करायचं काय? १८३२ साली कार्ल फ्रिडरिख गाउस या गणितज्ञाने वाट काढली. लांबी, वजन आणि वेळ या तीनच मापांतून चुंबकत्व मोजून दाखवलं. आता कुणाच्याही गावाचा संदर्भ लागेना. पुढं त्याच्या नावाचं माप आलं, गाउस. गाउसचा एक लाखावा भाग म्हणजे गॅमा. जुन्या वेधशाळांच्या वह्या गॅमात लिहिलेल्या आहेत. गंमत अशी की हिशेब केला तर एक गॅमा म्हणजे बरोबर एक नॅनोटेस्ला. नाव बदललं, वजन तेच राहिलं. आमच्या गुजरीतल्या सराफांनी तोळ्याचं ग्रॅम केलं तेव्हा इतकं सोपं गेलं नव्हतं!

गुजरीचा विषय निघालाच आहे तर तोच हिशेब लावून बघू. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा. समजा पृथ्वीचं चुंबकत्व म्हणजे एक तोळा सोनं. हा तोळा रोज दिवसा थोडा जड होतो आणि संध्याकाळी परत उतरतो. किती? चाळीस-पन्नास नॅनोटेस्ला, म्हणजे गुंजेचा नववा-दहावा भाग. सूर्याच्या उन्हामुळे शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या हवेत विजेचे प्रवाह सुरू होतात, तिथला वारा ते हलवतो, आणि खाली आपल्या सुईला ते कळतं. त्या उंचीच्या खालचा वारा मोजायला भारतीय भूचुंबकत्व संस्थेने आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात एक रडार बसवलं होतं. रेडिओच्याच लहरी वर सोडायच्या आणि परत आलेल्या क्षीण प्रतिध्वनीवरून साठ ते शंभर किलोमीटरवरच्या वाऱ्याचा वेग काढायचा. विद्यापीठाच्या रस्त्याने मी कितीदा गेलो असेन. आपल्या गावातून कुणीतरी रेडिओ लावून आभाळाला कान देऊन बसलंय, याची मला गंधवार्ताही नव्हती.

पण या कथेतलं खरं गाव कोल्हापूर नाही, अलिबाग आहे. आणि त्याच्या आधी मुंबईतलं कुलाबा.

कुलाब्याला १८४१ पासून चुंबकत्वाची मोजणी व्हायची. एका बंद खोलीत धाग्याला चुंबक टांगलेला, त्याला आरसा, समोर दुर्बीण आणि पट्टी. चुंबक केसभर वळला की आरशात पट्टीचा आकडा सरकायचा. माणसाने दुर्बिणीला डोळा लावून तो आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तासातासाला, रात्रंदिवस. १८५९ च्या सप्टेंबरात, १ तारखेला, इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग काढत बसला असताना त्याला सूर्यावर एक पांढरा लखलखाट दिसला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन धडकलं. तारयंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. इंग्लंडमधल्या ग्रीनिच आणि क्यू या वेधशाळांत तेव्हा फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होत असे. तिथला प्रकाशाचा ठिपका कागद सोडून बाहेर गेला आणि नोंद तुटली. मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या खोलीत दुर्बिणीला डोळा लावून माणूस बसलेला होता. वादळ आहे हे ओळखून तिथं तासातासाऐवजी मिनिटांच्या अंतराने आकडे लिहिले गेले. सुई सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली आली. आपल्या तोळ्यातल्या साडेतीन गुंजांहून जास्त!

ती वही टिकली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि आपल्या भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखिना व सोभना अॅलेक्स यांनी त्या आकड्यांवरून निबंध लिहिला आणि त्या वादळाचं वजन जगाला सांगितलं. तुलनेला एक सांगतो. १९८९ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. ते वादळ पृथ्वीभरच्या सरासरीने सहाशे नॅनोटेस्लांच्याही आतलं होतं. साडेतीन गुंजांचा झोल आज आला तर काय होईल याचा हिशेब वीज कंपन्या आणि उपग्रहवाले करतात तो मुंबईत हाताने लिहिलेल्या त्या आकड्यांच्या आधाराने. ते आकडे लिहिणाऱ्यांची नावं मात्र मला शाळेत कुणी शिकवली नाहीत. १८५७ च्या सनावळ्या तेवढ्या पाठ करून घेतल्या.

मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरू लागलं. शहराला हवीच होती ती. पण रुळांतून विजेचा प्रवाह जमिनीत झिरपला की कुलाब्याची सुई ट्रामच्या वेळापत्रकावर नाचणार. आमच्या अब्बांच्या लेथचीच अडचण ही, फक्त शहराएवढी झालेली. तेव्हा कुलाबा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस, त्या खुर्चीवर बसलेले पहिले भारतीय. एडिंबरोला शिकलेले पारशी गृहस्थ. त्यांनी ट्रामविरुद्ध मोर्चा नाही काढला. त्यांनी मेस्त्रींचाच सल्ला अमलात आणला, भायेर मोकळ्यात जावा. समुद्रापलीकडे, तीसेक किलोमीटरवर, अलिबागला जागा बघितली.

आणि तिथं जी इमारत बांधली तिच्यात लोखंडाचा खिळा नाही. दगड पोरबंदरचा आणला आणि तोही चुंबकत्व नाही हे पारखून घेतलेला. बिजागऱ्या, खिळे, स्क्रू तांब्या-पितळेचे. भिंती जाड, आत दिवसरात्रीचा उकाडा-गारवा शिरू नये म्हणून. वर्कशॉपमध्ये वाढलेला मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात आलं, स्पीकरचा चुंबक फडक्यात गुंडाळून या अख्ख्या इमारतीवरून फिरवला असता तरी फडकं कोरंच राहिलं असतं.

मूस यांनी त्यानंतर केलेली गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद नाही केलं. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांत नेमका फरक किती हे कळल्याशिवाय जुन्या वह्या नव्या वह्यांना जोडता आल्या नसत्या. साठ वर्षांचा धागा तुटला असता. तो जोडला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम १९६४ साली बंदही झाली. अलिबागची मोजणी चालू आहे.

काही वर्षांपूर्वी कविसंमेलनासाठी अलिबागला गेलो होतो. सकाळी समुद्रावर फिरताना सोबतच्या स्थानिक मित्राला म्हटलं, ती वेधशाळा बाहेरून तरी दाखव. तो म्हणाला, तिथं बघण्यासारखं काही नाही. बरोबरच होतं त्याचं. झाडी, कुंपण, शांतता. फाटकापाशी माझा हात खिशातल्या किल्ल्यांकडे गेला. आत कुणी सोडणार नव्हतं, तरी गेला. मित्र रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत म्हणाला, आता अलिबागपण मुंबईच होत चाललंय. मुंबईच्या ट्रामपासून पळून आलेली खोली आता कुठं जाणार, हा प्रश्न मला कविसंमेलनभर छळत राहिला. माझी कविता कशी झाली ते आठवत नाही.

आजची यंत्रं सुईची राहिलेली नाहीत. एका प्रकारच्या यंत्रात बाटलीभर द्रव असतो. त्यातल्या हायड्रोजनच्या अणूंची केंद्रं भोवऱ्यासारखी डुलतात आणि त्यांच्या डुलण्याचा वेग आजूबाजूच्या चुंबकत्वावर ठरतो. आपल्याकडे तो वेग सेकंदाला सुमारे अठराशे वेळा. श्रोतेहो, हा वेग कानाच्या टप्प्यातला आहे. स्पीकरला जोडला तर शिट्टीसारखा सूर ऐकू येईल. कुलाब्याचं वादळ परत आलं तर तो सूर काही क्षणांत नाही, पण तासाभरात चांगला जाणवेल इतका खाली उतरेल. पृथ्वीचं चुंबकत्व रेडिओवर ऐकवता येतं, हे समजल्यापासून मला कवितावाचनाच्या निमंत्रणांचं फारसं अप्रूप राहिलेलं नाही.

आता नॅनोटेस्लाच्याही खाली उतरू. तिथं माझा जीव गुंतलेला आहे.

अब्बा २००३ साली गेले. छातीत कळ येते म्हणाले, तपासायला नेलं, ईसीजी काढला. कागदावरची रेघ बघून सांगितलं, नॉर्मल आहे, घरी न्या. आणलं. पाचव्या दिवशी पहाटे गेले. मी कुणाला दोष देत नाही. कागदावर जे दिसलं तेच सांगणाऱ्याने सांगितलं. पण ती रेघ माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हलली नाही.

ईसीजी हृदयाची वीज मोजतो, कातडीवर. वीज वाहते तिथं चुंबकत्व असतं, म्हणजे आपल्या हृदयालाही ते आहे. किती? पन्नास ते शंभर पिकोटेस्ला. पिको म्हणजे नॅनोचाही हजारावा भाग. पृथ्वीच्या तोळ्याशी तुलना केली तर पाच लाखावा हिस्सा. सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन सोनं काढणारा झारेकरीसुद्धा एवढा कण सोडून देईल. मेंदूचं त्याहून बारीक, तिथं फेम्टोटेस्लात बोलावं लागतं, पिकोचा हजारावा भाग. फेम्टो हा शब्द डॅनिश-नॉर्वेजियन भाषेतल्या 'पंधरा' या आकड्यावरून घेतलेला, दशांश चिन्हानंतर पंधराव्या घरातला. आपल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त एकं, दहं, शतं करत वर चढत गेलं की एकावर पंधरा शून्यांच्या घराला नाव आहे 'अंत्य'. मराठीत नॅनोला अब्जांश म्हणतात, तसं फेम्टोला अंत्यांश म्हणायला हरकत नाही. नाव ठेवायला मला कुणी बोलावलेलं नाही, पण कवीची खोड.

हृदयाचं हे चुंबकत्व पहिल्यांदा मोजलं गेलं १९६३ साली, अमेरिकेत सिरॅक्यूज इथं. बाउली आणि मॅकफी या दोघांनी तांब्याच्या तारेची वीस लाख वेटोळी केली. तरी शहरात काही कळेना. तारा, मोटारी, लोखंड. मग ते सगळं घेऊन मोकळ्या मैदानात गेले आणि तिथं माणसाच्या हृदयाचा ठोका चुंबकाला ऐकू आला. हे वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो. माझ्यासमोर रिकाम्या प्लॉटमध्ये उभे असलेले अब्बा होते, माझ्या हातात त्यांची किल्ली आणि कॅलिपर.

पुढं १९६९ च्या शेवटी डेव्हिड कोहेन यांनी धातूच्या कवचाची खोली बांधून, द्रव हेलियमच्या थंडीत, उणे २६९ अंशांवर चालणाऱ्या स्क्विड नावाच्या यंत्राने हृदयाची स्वच्छ नोंद घेतली. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातही अशी यंत्रं तयार झाली आहेत. आता तर गोठवण्याची गरज नसलेली, डोक्यावर टोपीसारखी घालता येणारी यंत्रं निघाली आहेत. हृदयाकडे रक्त नीट पोचत नसलं तर ईसीजीत न दिसणारं काही या चुंबकत्वात दिसतं का, याचा शोध चालू आहे. ते यंत्र तेव्हा असतं तर अब्बा वाचले असते असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल, आणि त्यांना मापातली खोट चालत नसे.

या यंत्रांची बारकाई सांगायचं माप मोठं विचित्र आहे. नुसतं इतके फेम्टोटेस्ला असं म्हणत नाहीत, त्याला वेळ चिकटवलेली असते. सारखा चालू असलेला गोंगाट आणि त्यात दडलेला एक क्षीण सूर. जितकं जास्त वेळ ऐकाल तितका गोंगाट एकमेकांत जिरत जातो आणि सूर वर येतो. पण फायदा वेळेच्या वर्गमुळाने मिळतो. दुप्पट बारीक ऐकायचं तर चौपट वेळ थांबायचं. दहापट बारीक ऐकायचं तर शंभरपट. शास्त्रज्ञांनी हे मापातच लिहून ठेवलं आहे, प्रति वर्गमूळ हर्ट्झ. हे मला समजावून सांगणाऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापक मित्राला मी म्हटलं, म्हणजे तुमच्या एककात सबूर आहे. तो म्हणाला, तुम्ही काहीही म्हणा, परीक्षेत तसं लिहिलंत तर मार्क मिळणार नाहीत.

अब्बांचा तो कुतुबनुमा आज मी सोबत आणला आहे. डबीचा हिरवा रंग उडालाय, सुई अजून थरथरते. रेकॉर्डिंग सुरू व्हायच्या आधी मी तो इथं टेबलावर ठेवला. काचेपलीकडून इथल्या बाईंनी विचारलं, काय आहे ते, त्याचा आवाज तर येणार नाही ना? म्हटलं, नाही येणार. सुई थोडी हलली, आणि आत्ता ती मायक्रोफोनच्या लोखंडी स्टँडकडे तोंड करून उभी आहे.